विमान हवेत किती मिनिटं असतं ते राहू द्या, घरातनं निघाल्यापासून किती तास लागतात ते बोला

प्रति,
विमान कंपन्यांचं शेड्युल बनवणारी मंडळी, विमानतळ प्राधिकरणाचे अधिकारी, आणि दर पंधरा दिवसाला नव्या गावाच्या विमानाचं निवेदन देणारे आमचेच सोलापूरचे पुढारी,

सगळ्यांना नमस्कार. तिघांना मिळून एकच पत्र लिहितोय, कारण वेगवेगळं लिहिलं की कंपनी म्हणते स्लॉट नाही, म्हणजे मोठ्या विमानतळावर उतरायची ठरवून दिलेली वेळ मिळत नाही, प्राधिकरण म्हणतं कंपनीनं मागितलं पाहिजे, आणि पुढारी म्हणतात आम्ही दिल्लीला पत्र दिलंय. म्हणून एकदाच, सगळ्यांच्या समोर.

आधी चांगलं बोलून घेतो. होटगी रोडच्या आमच्या विमानतळावरनं विमान उडतं याचा आनंद आम्हाला आहेच, नाही म्हणणारा माणूस सोलापुरात सापडणार नाही. विमानाच्या वाटेत येते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली, त्यावरनं गावात काय काय झालं ते इथं परत उकरत नाही. २९ सप्टेंबर २०२४ ला पंतप्रधानांनी ऑनलाइन उद्घाटन केलं, मग ९ जून २०२५ ला फ्लाय ९१ चं गोव्याचं विमान आलं आणि १५ ऑक्टोबर २०२५ ला स्टार एअरचं मुंबईचं. मध्ये किती महिने नुसती फीत कापलेली इमारत बघत बसलो ते सोडा. आलं ना, बास.

आता मुद्दा. सोलापूर ते मुंबई विमानानं अंतर किती असं कुणीही मोबाईलवर टाकलं की उत्तर येतं ३६० किलोमीटरच्या आसपास. बरोबर आहे ते, होटगी रोडवर एक टिंब, मुंबई विमानतळावर दुसरं टिंब आणि मध्ये सरळ रेघ, तेवढंच भरतं. रस्त्यानं ४०० च्या घरात जातं आणि रेल्वेनं ४५५, कारण गाडी कुर्डुवाडी, दौंड, पुणे करत घाट उतरून जाते. इथपर्यंत भांडण नाही. भांडण त्याच्याखाली जे लिहिलेलं असतं त्याच्याशी आहे, फ्लाईट टाइम अमुक मिनिटं. कुठं ४० लिहितात, कुठं ५५, आणि व्हॉट्सअॅपवर तर "आता मुंबई पाऊण तासावर" असले बॅनर फिरले होते, त्यात एकाचा फोटो विमानापेक्षा मोठा.

हा पाऊण तास येतो कुठनं? अंतर भागिले स्पीड, संपला विषय. एटीआरसारखं पंख्याचं विमान ताशी ५०० च्या आसपास जातं, ३६० ला ५०० नं भागा, ४३ मिनिटं. जेट ८०० नं जातं, त्याला २७ मिनिटं. मग जेट लावलं की मुंबई अर्ध्या तासावर आली असं समजायचं का? तसं होत नाही, कारण एवढ्याशा अंतरात विमानाचा निम्मा वेळ चढण्यात आणि उतरण्यातच जातो, फुल स्पीडला येतंय तोवर पायलट उतरायच्या तयारीला लागतो. त्यात मुंबई. तिथं धावपट्ट्या दोन आहेत पण एकमेकींना छेदून जातात, त्यामुळं व्यवहारात एका वेळी एकच वापरतात, आणि त्या एका पट्टीवर सगळ्या देशाची गर्दी. वर घिरट्या घालायला लावल्या की तुमचं जेट काय आणि एटीआर काय, दोघंही लोणावळ्याच्या अलीकडं गोल गोल. म्हणून कंपन्या तिकिटावर जी वेळ टाकतात ती विमान जागेवरनं हललं तिथपासनं दुसरीकडं जागेवर थांबलं तिथपर्यंतची असते, त्याला ते ब्लॉक टाइम म्हणतात, आणि तो मुंबईला सव्वा तासाच्या आसपास धरावा लागतो. तिकिटावरचं बरोबर असतं हो, बॅनरवरचं चूक असतं.

पण आमच्या दृष्टीनं तिकिटावरचंही अर्धवटच आहे. आमचा शाळेच्या युनिफॉर्मचा धंदा आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत छोटं युनिट, आणि सॅम्पल घेऊन मुंबईला जाणं हे आमच्या घरात वडलांपासनं चालू आहे. तर विमानानं जायचा हिशोब सांगतो. घर ते विमानतळ वीस मिनिटं, हे मात्र लई भारी आहे, असला गावातला विमानतळ मोठमोठ्या शहरांना नाही. मग काउंटर बंद व्हायच्या आधी पोचायचं म्हणून दीड तास आधी तिथं. विमान सव्वा तास. तिथं उतरून, बस, पट्ट्यावरची बॅग, बाहेर येईपर्यंत अर्धा-पाऊण तास. आणि मग खरा प्रवास सुरू होतो, विमानतळ ते परळ, किंवा मस्जिद बंदर, किंवा जिथं तुमचा पार्टी बसलाय तिथं, म्हणजे सव्वा तास धरा, पाऊस असला तर धरूच नका. बेरीज केली की पाच तास.

आता वंदे भारत. १० फेब्रुवारी २०२३ पासनं सुरू आहे, सकाळी सहाला सोलापूर सोडते आणि साडेबाराच्या सुमारास सीएसएमटी. घरनं स्टेशन, तिकडं उतरून टॅक्सी, सगळं धरून सव्वासात तास. म्हणजे विमानानं दोन-सव्वादोन तास वाचले. वाचले की, कोण नाही म्हणतो. पण वंदे भारतमध्ये बॅगेचं वजन कुणी करत नाही. मागच्या सीझनला मी ब्लेझरचे सॅम्पल घेऊन विमानतळावर उभा होतो, लिमिट १५ किलो आणि काट्यावर १७ च्या वर दाखवतंय, काउंटरवरची मुलगी नम्रपणे म्हणाली सर काहीतरी काढा. मग काय, लाईनीतच बॅग उघडली, एक ब्लेझर अंगात, एक हातावर, दोन हँडबॅगेत कोंबले, आणि सोलापूरच्या उन्हात पाचवीच्या पोराचा मरून रंगाचा ब्लेझर खांद्यावर टाकून मी विमानात चढलोय. मागचे काका म्हणाले, काय बे, शाळेत चाललास का. त्या मुलीची काही चूक नाही, नियम म्हणजे नियम. पण चादर-टॉवेल-युनिफॉर्मच्या गावातनं विमान सोडताय तर या गावचा माणूस हात हलवत जात नाही एवढं तरी शेड्युल आणि भाडं बनवणाऱ्यानं लक्षात घ्यावं. सॅम्पलसाठी दहा किलो जादा असा एक स्वस्तातला तिकिटाचा प्रकार काढा, बघा कसा खपतो ते.

तर वंदे भारतला विमान हरवतं, मान्य. पण तुमची खरी स्पर्धा वंदे भारतशी नाहीच, सिद्धेश्वर एक्सप्रेसशी आहे. ती रात्री साडेदहानंतर निघते आणि सकाळी उजाडता उजाडता दादर. माणूस दुकान बंद करतो, घरी भाकरी खातो, शेंगाचटणीची पुडी बॅगेत टाकतो, बर्थवर आडवा होतो, उठतो तेव्हा मुंबई. दिवसभर कामं करतो, रात्री परत त्याच गाडीनं, दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर वर. आठ तासांचा प्रवास आहे पण कामाच्या वेळेतला एक तास जात नाही. झोपेतले तास कोण मोजतो? आणि भाडं विमानाच्या तुलनेत काहीच नाही. या गाडीला हरवायचं असेल तर सव्वा तासाचं विमान पाऊण तासाचं करून उपयोग नाही, ते सकाळी निघालं पाहिजे आणि रात्री परत आणून सोडलं पाहिजे.

विमान भर दुपारी ठेवलं तर काय होतं बघा. दुपारी दोन-अडीचला इथनं निघायचं, मुंबईत कामाच्या जागी पोचेपर्यंत संध्याकाळचे सहा, ऑफिसं बंद. मग तिथं हॉटेल, दुसऱ्या दिवशी सकाळी काम, आणि परतीचं विमान पुन्हा दुपारी किंवा त्या दिवशी नाहीच. एका कामाला दोन दिवस आणि मुंबईतलं एका रात्रीचं भाडं. कॅन्सरच्या पेशंटला टाटा हॉस्पिटलला दाखवायला नेणाऱ्यांचं तर अजून अवघड, त्यांची अपॉइंटमेंट सकाळची, पेशंटला ट्रेनचे धक्के नकोत म्हणून विमानाचं तिकीट काढायचं तर आदल्या दिवशी जाऊन राहायचं कुठं हा प्रश्न. दुपारचं विमान पर्यटकाला चालतं, ज्याला पुढं दिल्लीचं नाहीतर परदेशातलं विमान पकडायचंय त्यालाही चालतं, पण तेवढ्यावर सीटा भरणार का? आणि नाही भरल्या की पुढं काय होतं तेही आम्हाला माहीत आहे, याआधी एकदा मुंबईचं विमान सुरू होऊन गपचूप बंद पडलेलं या गावानं बघितलंय. तेव्हाही शेवटी "सोलापूरकरांचा प्रतिसाद नाही" असंच ऐकवलं गेलं. प्रतिसाद मिळणार का ते आधी विमानाच्या वेळेवरनं ठरतं.

हे का होतं तेही कळतं, अगदीच अडाणी नाही आम्ही. विमान रात्री जिथं मुक्कामाला असतं तिथनं सकाळी पहिलं निघतं. गोव्यात, बंगळुरात, मुंबईत मुक्काम, मग तिथली सकाळ पहिली भरणार, आणि फिरत फिरत सोलापूरला येईस्तोवर ऊन डोक्यावर. सकाळी सातला इथनं उडवायचं तर विमान रात्री इथंच झोपलं पाहिजे. आणि रात्री आठ-नऊला परत यायचं तर अंधारात उतरता आलं पाहिजे. डिसेंबरात इथं सहाच्या आत सूर्य बुडतो, मग दुपारी साडेचारला मुंबई सोडलेलं विमानसुद्धा काठावरच. म्हणजे विमानतळ प्राधिकरणाला आमचं थेट विचारणं आहे, रात्रीच्या लँडिंगची सगळी सोय आणि तिची परवानगी कोणत्या तारखेपर्यंत, आणि रात्री विमान उभं करायची जागा, विमानाचं इंधन, कर्मचारी, सुरक्षा, हे सगळं कधी? "प्रगतीपथावर" हे उत्तर चालणार नाही, उजनीच्या पाइपलाइनच्या वेळी ते ऐकून ऐकून कान किटलेत.

मुंबईचा सकाळचा स्लॉट मिळत नाही हे दुसरं उत्तर तयार असतं. असेल, तिथं १८० सीटांचं विमान उतरवायचं सोडून छोट्या विमानाला सकाळी जागा कोण देतंय. पण आता नवी मुंबईचा विमानतळ आहे, ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, डिसेंबर अखेरीला विमानंही सुरू झाली. सोलापूरहून तो सरळ रेघेत ३४० किलोमीटरच्या आतच पडतो. तिथं सकाळची जागा मागा. वाशीच्या मार्केटला, पनवेल-बेलापूरला ज्याचं काम आहे त्याला तर ते बरंच, आणि परळला जाणाऱ्याला अटल सेतू आहे. कुणी म्हणेल आम्हाला मुंबईच पाहिजे, नवी मुंबई नको, पण सकाळी साडेआठची नवी मुंबई दुपारी चारच्या मुंबईपेक्षा आम्हाला जास्त जवळ आहे.

आता आमच्या पुढाऱ्यांकडं वळतो, कारण सगळं खापर कंपन्यांवर फोडणं बरोबर नाही. नकाशा बघून गावाचं नाव घेतलं आणि निवेदन दिलं, असं चाललंय. पुण्याचं विमान पाहिजे म्हणे. सरळ रेघेत पुणे २४० किलोमीटर, रस्त्यानं २५० च्या आसपास, म्हणजे रस्ताच जवळपास रेघेसारखा सरळ आहे, चार पदरी आहे, रेल्वेची हुतात्मा आहे, इंद्रायणी आहे, दर थोड्या वेळानं एसटी आहे. गाडीनं चार-साडेचार तास. विमानानं दीड तास आधी जा, उड, उतर, लोहगावातनं गावात शिर, तेवढेच होतात. पुढचं विमान पकडायला पुण्याला उतरायचं असेल तर गोष्ट वेगळी, पण पुण्यात काम असलेला माणूस त्यात बसणार नाही.

कोल्हापूरचं पण ऐकतोय. १८ ऑगस्ट २०२५ पासनं हायकोर्टाचं सर्किट बेंच तिथं सुरू झालं, सोलापूर जिल्हा त्यात गेला, म्हणून वकील मंडळी म्हणतात विमान द्या. साहेब, हवेतनं ते २०५ किलोमीटर आहे. विमान वर चढून खाली उतरेल, मधलं काही नाहीच. सांगोला-मिरज रस्त्यानं गाडी काढा, पक्षकाराशी बोलत बोलत पोचाल, कागदं मागच्या सीटवर. इथं पाहिजे तर सकाळी कोर्टाच्या वेळेला पोचणारी चांगली गाडी मागा रेल्वेकडं, मी सही करतो.

उलट गोवा बघा. गोवा सरळ रेघेत ३०० किलोमीटर, मुंबईपेक्षा जवळ, तरी हे विमान मुंबईच्या विमानापेक्षा जास्त वेळ वाचवतं. कारण रस्त्यानं जायचं तर विजापूर-बेळगाव करून घाट उतरा, नाहीतर मिरज-कोल्हापूर करून आंबोली उतरा, दिवस गेला, आणि रेल्वेचं कनेक्शन धड नाही. विमान तासाभरात मोपाला, पेडण्याजवळ, तिथनं सावंतवाडी-बांदापण हाकेच्या अंतरावर, म्हणजे कोकणातल्या सोयऱ्यांनाही चालतं. अंतर कमी असून विमान परवडतं ते यामुळं. हीच कसोटी सगळ्या मागण्यांना लावा की, जमिनीवरनं किती तास आणि ते तास दिवसाचे का झोपेचे.

या कसोटीला तिरुपती पहिल्या नंबरनं उतरतं, आणि हे मी पूर्व भागातल्या मतांसाठी म्हणत नाही, मला कुठं निवडणूक लढवायचीय. अशोक चौकापासनं पुढं सगळा पद्मशाली समाज, घरात तेलुगू बोलणारी माणसं, वर्षातनं एकदा तरी व्यंकटरमणा गोविंदा म्हणत जाणारच. अंतर हवेतनं ५९० किलोमीटरच्या आसपास. रेल्वेनं वाडी, रायचूर, गुंतकल करत रेणिगुंट्याला उतरायचं आणि तिथनं पुढं, एका रात्रीत होत नाही, दिवसाचा तुकडा जातोच, म्हातारी माणसं असली की जास्तच. विमानानं दीड-पावणेदोन तास धरा. इथं तर सकाळ-दुपारचा हट्टही नाही, दर्शनाला जाणारा मुक्कामालाच जातो, आठवड्याला दोन-तीन दिवस दिलं तरी चालेल. आणि उलट दिशेनं तिकडचे लोक अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, गाणगापूर करायला येतील, या चारही ठिकाणांच्या मधोमध आपण बसलोय. नागपूरही ५०० च्या वर आहे, अधिवेशनाच्या दिवसात पुढाऱ्यांनाच लागेल, त्यामुळं त्याची काळजी मी करत नाही.

शेवटी पैशाचं, कारण ते बोलल्याशिवाय पत्र पुरं होत नाही. छोट्या गावांना स्वस्तात विमान द्यायची केंद्राची उडान योजना आली, २७ एप्रिल २०१७ ला शिमला-दिल्ली पहिलं विमान उडालं, तेव्हा सांगितलं होतं की तासाभराच्या, साधारण ५०० किलोमीटरच्या प्रवासाला त्या योजनेतल्या सीटांना २,५०० रुपये. म्हणजे भाडं अंतरावर बांधलं, तूटही अंतर बघूनच भरून द्यायची. सोलापूर-मुंबईला तर राज्य सरकारनं स्वतः व्हीजीएफ मंजूर केला, म्हणजे सीटामागं कंपनीला जी तूट येते ती सरकार भरणार, आणि सरकार म्हणजे पैसा आमचाच, जीएसटी भरणाऱ्याचा. मग साधी अट का घालू नये की ही तूट तेव्हाच भरून देऊ जेव्हा सकाळी नऊच्या आत मुंबईत उतरवाल आणि संध्याकाळी सहानंतर तिथनं उचलाल? दुपारी उडवायचं असेल तर उडवा, पण अर्धीच तूट मिळेल. नुसतं विमान उडालं एवढ्यावर पैसे दिले तर कंपनी तिला सोयीच्या वेळेलाच उडवणार, तिचं काय चुकलं, धंदा तर आम्हीपण करतो. विमानांचं वेळापत्रक उन्हाळी आणि हिवाळी असं वर्षातनं दोनदा बदलतं, मार्चच्या शेवटी आणि ऑक्टोबरच्या शेवटी, त्यामुळं करार नवा करताना ही ओळ घालायला कुणाची आडकाठी नसावी. पालकमंत्र्यांनी, खासदारांनी, आमदारांनी, मागणी करायचीच तर या एका ओळीची करावी. नव्या गावांची यादी नंतर देऊ.

आणि बोरामणीचं म्हणाल तर, तो मोठा विमानतळ होईल तेव्हा होवो, माळढोक आणि वनखात्याच्या जमिनीचं जे काय असेल ते मिटवून. पण तो हैदराबाद रोडला गावाबाहेर आहे हे विसरू नका, आमची घर ते विमानतळ वीस मिनिटं तिथं गेली की पाऊण तासावर जाणार, आणि वर पाच तासांचा जो हिशोब मांडला त्यात तेवढी भर. जवळचा विमानतळ हीच एक गोष्ट सोलापूरकडं फुकट आहे, ती वापरून घ्या. त्यासाठी एक छोटंसं काम महापालिकेकडंपण देतो, विमानाच्या वेळेला होटगी रोडवरनं आसरा, सात रस्ता करत स्टेशन आणि एसटी स्टँडपर्यंत एक बस सोडा. अक्कलकोटला चाललेला बाहेरगावचा माणूस रिक्षावाल्याशी घासाघीस करत गेटावर उभा असतो, ते बरं दिसत नाही.

उत्तर द्यायचं असेल तर तारखेसकट द्या.

कळावे,
एमआयडीसीतला एक युनिफॉर्मवाला, सोलापूर